लाइन मोकळी

आमच्या घरातून एका वेळी एकालाच
जगाशी बोलता यायचं.
मी मोडेम लावला की आधी पोकळ हुंकार,
मग दहा आकडे भराभर,
मग पत्र्यावरून खिळा ओढावा तसं काहीतरी,
दोन बोके, एक लांब शिट्टी,
आणि गप्प. जोडलं गेलं.
तेवढ्यात बाबा स्वयंपाकघरात रिसीव्हर उचलायचे,
तो सगळा खरखराट कानात घ्यायचे,
आणि माझं अर्धं उतरलेलं गाणं
जागच्या जागी मरायचं.

"आयली, उतर आता. रेइनो फोन करत असेल."

रेइनो माझा भाऊ. सुपीरिअर तलावाच्या पलीकडे, डुलुथला,
खनिजाच्या बोटींवर. दोन वर्षं झाली.
भांडण झालं ते एका विकलेल्या स्नोमोबाइलवरून.
म्हणजे त्यावरून नाहीच.

बाबांचा हिशेब सरळ होता:
तो फोन करतो, लाइन अडकलेली असते.
पुन्हा करतो, अडकलेली असते.
दोष माझा.
मीही तो घ्यायचे.
तसा जड नव्हता.

मार्चमध्ये केबल कंपनीला
बाबांनी स्वतःच फोन केला.
बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलेला.
कर्टिस बेलेअर नावाचा माणूस बुटांवर निळ्या पिशव्या चढवून आला,
सोफ्यामागे गुडघे टेकून त्यानं भिंतीला भोक पाडलं.
भुशाला पाइनचा ताजा वास, साठ वर्षांनंतरही.
काळी जाड वायर आत आली,
तिच्या मागोमाग थोडी थंडी.
एक डबी. पाच हिरवे दिवे.
मी त्या किंचाळण्याची वाट बघत बसले
आणि पान केव्हाच उघडलं होतं.

"एवढंच?" बाबांनी विचारलं.
"एवढंच. हे आता कायम चालू,
आणि फोन तुमचा मोकळा."
बाबांनी त्याला कॉफी दिली,
वेलदोड्याच्या पावाचा मधला तुकडा दिला,
जो ते कुणाला देत नाहीत.

त्या रात्री मी सतरा गाणी उतरवली.
एकही ऐकलं नाही.
बाबा स्वयंपाकघरात, फोनकडे तोंड करून नाही,
जरा तिरपे,
गोठलेल्या तळ्याला भोक पाडून
गळ सोडून बसतात तसे.

फोन मोकळा होता.
मंगळवारी मोकळा होता.
रविवारी एकदा वाजला,
गालिचे धुऊन देणारे कुणी.
अकराव्या दिवशी मी दारातून बघितलं:
रिसीव्हर उचलला, कानाला लावला,
टोन आहे, ठेवला. घाईनं ठेवला,
नेमका त्याच दोन सेकंदांत
त्यानं केला असता तर.

जुना मोडेम मी कपाटातून काढला.
पुसला. वायर गुंडाळलेली होती ती सोडली.
परत लावता आला असता.
मग तसाच आत ठेवला.

शुक्रवारी शाळेतून येताना
पेट्रोल पंपावरच्या फोनमध्ये नाणी टाकली
आणि आमचाच नंबर दाबला.
पहिली घंटा पुरी वाजलीच नाही.
"बोल," बाबा म्हणाले.
हॅलो नाही. नुसतं बोल.
आणि आवाज असा,
जो मी घरात कधी ऐकला नव्हता.

बर्फ सारणारी गाडी पिवळा दिवा फिरवत
समोरून गेली, काच थरथरली.
हातमोज्यातलं बोट मी दोराच्या वेटोळ्यात
घालत होते, काढत होते.
"मी आहे. आयली.
दूध आहे का घरात, ते विचारायला."

दूध होतं. सकाळीच मी आणलं होतं,
त्यांनीच फ्रीजमध्ये ठेवलं होतं.

"आण," ते म्हणाले.
आणि जरा थांबून, नेहमीच्या आवाजात,
"ठेव आता, पोरी. लाइन अडकते."